साखर कारखाना कोणाला शिकवतो?

बीड जिल्ह्यात मोठा कारखाना म्हटले की परळीच्या औष्णिक वीज केंद्राखेरीज साखर कारखानेच आठवतात: तेलगावचा लोकनेते सुंदरराव सोळंके, पांगरीचा वैद्यनाथ, गढीचा जय भवानी. या उद्योगात शिक्षणावरचा पैसा कोणापर्यंत पोचतो हे पाहायचे, तर माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे हे आधी पाहावे लागते. गव्हाणीपासून गोदामापर्यंतचा कामगार कारखान्याचा. फडातला ऊसतोड कामगार मुकादमाचा, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा. पोट दोघांचेही उसावरच, पण प्रशिक्षणाच्या आणि मुलांच्या शाळेच्या बाबतीत दोघांचे नशीब वेगळे.

आतल्या कामगाराची सोय बरीच आधी झाली. १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली. वसंतदादा पाटलांच्या निधनानंतर तिला त्यांचे नाव मिळाले. ही संस्था कारखान्यांच्याच पैशावर चालते. गाळपाच्या दर टनामागे एक रुपया तिच्याकडे जातो. साखर तंत्रज्ञान, साखर अभियांत्रिकी आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे पदविका अभ्यासक्रम तिथे आहेत. चीफ केमिस्ट किंवा चीफ इंजिनिअरच्या नावापुढे 'एव्हीएसआय' दिसते ते इथले, आणि 'एएनएसआय' दिसले तर कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचे. शिकाऊ उमेदवारांना १९६१ च्या कायद्याचा आधार आहे; आयटीआय झालेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन त्या वाटेने कारखान्यात येतात.

तरीही साखर बनवण्याचे मुख्य काम हाताखाली राहूनच शिकले जाते. पॅनमन निर्वात पॅनमधला उकळता माल प्रूफ स्टिकने बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरून उजेडासमोर धरतो आणि दाणा कितपत बसला ते पाहतो. बोटांच्या चिमटीत तार किती लांब निघते, यावरून पुढचा पाक कधी सोडायचा ते ठरते. घाई झाली तर बारीक खोटा दाणा धरतो आणि सगळा पॅन बिघडतो. प्रयोगशाळेतला ब्रिक्सचा आकडा मदतीला असतो, पण हे कसब दोन-चार हंगाम जुन्या पॅनमनशेजारी उभे राहिल्याशिवाय येत नाही. चुकीची किंमत नेहमी साखरेतच मोजली जाते असेही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये वैद्यनाथ कारखान्यात गरम रसाची टाकी फुटून कामगारांचे प्राण गेले. सुरक्षेच्या प्रशिक्षणाला केवळ कागदी उपचार मानता येत नाही ते यामुळेच.

कारखान्याने शाळा-महाविद्यालये काढावीत ही रीत मुळात प्रवरा कारखान्याची. विठ्ठलराव विखे पाटलांच्या कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिले गाळप केले आणि १९६४ मध्ये प्रवरा शिक्षण संस्था स्थापन झाली. वारणानगरलाही कारखान्याभोवतीच शिक्षणसंकुल वाढले. बीडमध्ये हा नमुना त्या प्रमाणात रुजला नाही. इथे पाऊस हुकला की ऊस जातो, ऊस गेला की गाळप. वर्षाआड डगमगणाऱ्या ताळेबंदावर महाविद्यालय चालवणे सोपे नसते. सभासद शेतकऱ्यांना मात्र कारखाने मांजरीला पाठवतात. पुरुषांसाठी 'ऊस शेती ज्ञानयाग' आणि महिलांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' ही शिबिरे त्यासाठीच आहेत.

फडातल्या माणसाचा यात कुठेच पत्ता नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी होतो, मुकादम आगाऊ उचल देतो आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. ऊस जमिनीलगत छाटायचा, कारण साखर बुडख्याकडच्या कांड्यांत जास्त असते. वाडं नेमक्या पेऱ्यावर तोडायचे, कारण शेंड्यात साखर कमी. मग मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. कारखान्याचा साखर उतारा या छाटणीवरही अवलंबून असतो, पण हे काम कोणी शिकवत नाही आणि त्याला कुशल म्हणतही नाही. आता हार्वेस्टर आले आहेत. त्यांच्या चालकाला प्रशिक्षण मिळते, पण यंत्रामुळे ज्याचा कोयता सुटेल त्याला ते मिळणार का, हा प्रश्न बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यात येत्या काही वर्षांत टोकदार होईल.

मुलांचे नुकसान हंगामामुळे होते. शाळा जूनमध्ये भरते आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. नव्वदच्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात, मजुरांच्या कोप्यांच्या (झोपड्यांच्या) शेजारी साखरशाळा सुरू केल्या. जागा कारखान्याची, शिक्षक संस्थेचा, अशी ती सोय होती. शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर वेगळ्या शाळेऐवजी नेहमीच्याच शाळेचा आग्रह आला आणि साखरशाळा मागे पडल्या. त्यांच्या जागी गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली. बीड जिल्ह्यात त्यांचा मोठा आधार आहे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीच्या शांतिवनसारख्या संस्था वर्षभर ही जबाबदारी घेतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी फडावर जाते, आणि गळती तिथूनच सुरू होते.

कारखान्यांचा या मुलांशी थेट पैशाचा संबंध जुळला तो अगदी अलीकडे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरले. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली. राज्यातल्या ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे. प्रत्येकाची क्षमता १००. पहिल्या टप्प्यात बीडच्या तालुक्यांना अग्रक्रम मिळाला आणि स्वतःच्या इमारतींची वाट न पाहता ती भाड्याच्या जागांत सुरू करण्यात आली.