शेत आपलं, तार कुणाची?

‘मालकी’ या शब्दाचा अर्थ आज आपण विजेच्या मनोऱ्याखाली उभं राहून तपासू.

कोळसा रेल्वेनं हवा तिथे नेता येतो. ऊन आणि वारा नेता येत नाहीत. राजस्थानचं वाळवंट असो की साताऱ्या-धुळ्याची पठारं, वीज तिथेच तयार होणार आणि तारांवरून शहरांकडे जाणार. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहू शकतो. लाइन मात्र शेकडो शेतांवरून न्यायची, म्हणून ती मागे पडते. मग आपण म्हणतो, ‘शेतकऱ्यांनी अडवलं.’ अडवलं का, ते पाहू.

मनोऱ्यासाठी जमीन सहसा संपादित होत नाही. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १६४ सरकारला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार वीजवाहिनीसाठी देऊ देतं. त्या कायद्यानुसार फक्त वापराचा हक्क घेतला जातो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मग गेलं काय?

टोनी ऑनरे या कायद्याच्या तत्त्वज्ञानं १९६१ च्या निबंधात दाखवलं, की मालकी ही एक वस्तू नाही, ती अनेक हक्कांची मोळी आहे. वापरणं, उत्पन्न घेणं, विकणं, दुसऱ्याला मज्जाव करणं, असे ११ घटक त्यानं मोजले. आता बघा. ४०० किलोव्होल्टच्या लाइनखाली साधारण ४६ ते ५२ मीटरचा पट्टा मोकळा लागतो. तिथे ज्वारी पेरता येते. घर बांधता येत नाही, उंच झाडं ठेवता येत नाहीत. जमीन विकायला काढली की गिऱ्हाईक आधी वर बघतं. म्हणजे मोळी दारात आहे, पण तिच्यातली काही लाकडं कुणीतरी काढून नेली आहेत.

केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला कमाल १५ टक्के भरपाई होती. जून २०२४ मध्ये ती २०० आणि ३० टक्के झाली. सुधारणा मोठी आहे, पण रक्कम एकदाच मिळणार आणि तार दशकानुदशकं राहणार.

याउलट, आपल्या राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये मिळतात, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. तो पूर्ण वापर देतो, लाइनखालचा थोडाच देतो, त्यामुळे रक्कम सारखी नसणार, हे मान्य. पण पहिल्यानं संमती दिलेली असते आणि त्याचं नातं चालू राहतं. दुसऱ्याला बहुधा नोटीस येते आणि हिशेब मिटतो.

स्वच्छ वीज आपल्या सगळ्यांना हवी आहे, आणि लाइन कुणाच्या तरी शेतावरून जाणारच. म्हणूनच तिची किंमतही आपण सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी. वापराचा हक्क कायमचा घेतला, तर मोबदलाही वार्षिक भाड्यासारखा चालू का नसावा? घराच्या वीजबिलात त्यासाठी काही पैसे वाढले, तर आपण ते देऊ का? यावर विचार करून या. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात तुमच्या उत्तरांपासून करू.