शरीरभार, आहार व चालणे

आहारातून मिळणारी ऊर्जा आणि शरीर खर्च करीत असलेली ऊर्जा यांच्या दीर्घकालीन समतोलावर शरीरभार (वजन) अवलंबून असतो. ग्रहण व्ययापेक्षा अधिक झाल्यास जादा ऊर्जा मुख्यतः मेदाच्या रूपाने साठते. कमी पडल्यास हा साठा वापरला जातो. आहार व चालणे या दोहोंचा या समतोलाशी संबंध असला, तरी त्यांचे कार्य सारखे नाही. वजन उतरविण्यात आहाराचा वाटा मोठा असतो, तर उतरलेले वजन टिकविण्यात व मधुमेहासारख्या विकारांना आळा घालण्यात नियमित चालण्याचे महत्त्व अधिक असते.

ऊर्जेचा हिशेब : बैठे काम करणाऱ्या व्यक्तीच्या एकूण ऊर्जाव्ययापैकी सु. ६० ते ७०% व्यय श्वसन, रुधिराभिसरण इ. मूलभूत क्रियांसाठी होतो. सु. १०% व्यय अन्नाच्या पचनासाठी आणि उरलेला हालचालींसाठी होतो. ६० किग्रॅ. वजनाची व्यक्ती सपाट रस्त्यावर ताशी ५ किमी. वेगाने ४ किमी. चालली, तर विश्रांतीच्या वेळच्या व्ययापेक्षा सु. १२० किलोकॅलरी अधिक खर्च होतात. प्रत्येकी १० ग्रॅ. साखर घातलेल्या तीन कप चहांतील साखरेनेच एवढी ऊर्जा परत मिळते. १५ ग्रॅ. तेलात सु. १३५ किलोकॅलरी असतात. शिवाय चालण्याने काहींची भूक वाढते व उरलेल्या दिवसातील हालचाल नकळत कमी होते. त्यामुळे आहार न बदलता केवळ चालण्याने वजन बेताचेच उतरते.

याउलट, आहारातून रोज ५०० किलोकॅलरी कमी केल्यास आरंभी आठवड्याला सु. अर्धा किग्रॅ. वजन उतरू शकते. पुढे ही गती मंदावते, कारण लहान झालेल्या शरीराची ऊर्जेची गरजही घटते. केवळ उपासमारीने वजन उतरविल्यास मेदाबरोबर स्नायूही घटतात आणि उतरलेले वजन बहुधा पुन्हा चढते. पुरेशी प्रथिने व स्नायूंना ताण देणारे व्यायाम यांनी ही हानी कमी होते.

नियमितपणाचे महत्त्व : नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात सप्तशृंगी गड आहे. चैत्रातील यात्रेसाठी खानदेशातून असंख्य भाविक कित्येक दिवस पायी चालत तेथे येतात. ६० किग्रॅ. वजनाचा भाविक रोज ३० किमी. याप्रमाणे पाच दिवस चालला, तर वरील हिशेबाने त्याचे सु. ४,५०० किलोकॅलरी अधिक खर्च होतात. १ किग्रॅ. मेद-ऊतकात सु. ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे वाटेत आहार वाढला नाही, तरी सु. ०·६ किग्रॅ. एवढाच मेद घटेल. याहून अधिक दिसणारी घट बहुतांशी पाण्याची असते व ती लवकर भरून निघते. रोज ४ किमी. चालणाऱ्याचा तेवढाच व्यय सु. ३८ दिवसांत होतो आणि हे चालणे वर्षभर चालू राहू शकते. वर्षातून एकदा होणाऱ्या पदयात्रेपेक्षा रोजचे थोडे चालणे शरीरभाराच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते ते यामुळेच.

वजनाची मर्यादा : वजन सारखे असले तरी शरीरातील मेद सारखा असतोच असे नाही. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन यूडकिन या वैद्यकतज्ञांनी २००४ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा शरीरभार निर्देशांक (किग्रॅ. मधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२·३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण यूडकिन यांच्यात ९·१%, तर याज्ञिक यांच्यात २१·२% होते. भारतीयांत कमी वजनालाही मेद, विशेषतः पोटातील मेद, अधिक आढळत असल्याने त्यांच्यासाठी २३ हा निर्देशांकच सावधगिरीची पातळी मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. यांपेक्षा अधिक असणे हेही धोक्याचे लक्षण समजतात.

चालण्याचा लाभ केवळ काट्यावर मोजता येत नाही. भारतातील मधुमेह प्रतिबंधाच्या एका अभ्यासात (२००६) मधुमेहाचा धोका असलेल्यांना आहारनियंत्रण व नियमित चालणे यांचा सल्ला देण्यात आला. त्यांचे वजन विशेष घटले नाही. तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण २८·५ टक्क्यांनी कमी झाले. चालताना स्नायू रक्तातील शर्करा वापरतात व इन्शुलिनाचा परिणाम सुधारतो, हे याचे एक कारण होय.

आहार व दक्षता : कळवणच्या डोंगराळ भागातील नागलीची भाकरी, वरई, डाळी व रानभाज्या यांचा आहार तंतुमय असतो. नागलीच्या दर १०० ग्रॅ. मध्ये सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते. तथापि नागलीतील ऊर्जा गहू व तांदूळ यांच्याहून फारशी कमी नसल्याने तिच्याही प्रमाणाकडे लक्ष द्यावे लागते. आहारातील तेल, साखर व तळलेले पदार्थ प्रथम कमी करावेत.

वजन घटविण्याचा सल्ला सर्वांना लागू नाही. निर्देशांक १८·५ पेक्षा कमी असणारी व्यक्ती, कष्टाची कामे करूनही पुरेसे अन्न न मिळणारे मजूर, वाढती मुले व गरोदर स्त्रिया यांना पुरेशा पोषणाचीच गरज असते. आदिवासी भागात एकाच गावात कुपोषण व स्थूलता दोन्ही आढळू शकतात. म्हणून सल्ल्यापूर्वी वजन, उंची व कमरेचा घेर मोजणे आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. झपाट्याने चालणे या प्रकारात मोडते. छातीत दुखणे, दम लागणे ही लक्षणे असणाऱ्यांनी, तसेच इन्शुलिन घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्याने चालण्यास प्रारंभ करावा.