हिमालयाचे हिम आणि चुलीची काजळी

उन्हाळ्यात काळा सदरा घातला की अंग अधिक तापते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. काळा रंग प्रकाश शोषून घेतो, पांढरा तो परतवतो. अठराव्या शतकात अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी निरनिराळ्या रंगांच्या कापडाचे तुकडे उन्हात बर्फावर ठेवून पाहिले. काही तासांत काळा तुकडा सर्वांत खोल रुतला, पांढरा मात्र वरच राहिला.

हेच आज हिमालयात घडत आहे. ताजे हिम प्रकाशाच्या १०० भागांपैकी ८० ते ९० भाग परतवते, म्हणूनच ते उन्हातही तग धरते. पण चुली, वीटभट्ट्या, डिझेलची वाहने, शेतात जाळलेला पेंढा व वणवे यांची काजळी वाऱ्याबरोबर जाऊन त्यावर बसते. समजा, ९० भाग परतवणारे हिम ८५ परतवू लागले. हा फरक डोळ्यांना जाणवणारही नाही. पण शोषण १० वरून १५ भागांवर गेले, म्हणजे दीडपट झाले! वरचा थर वितळला तरी बरीचशी काजळी पृष्ठभागावरच साचून राहते. हिमाचे कणही मोठे होतात व हिम आणखी काळवंडते. वितळण्यातून वितळणे वाढते, ते असे. (दगडमातीचा जाड थर मात्र उलट बर्फाला उन्हापासून झाकतो.)

सिंधूच्या खोऱ्यातील शेती बऱ्याच अंशी वितळणाऱ्या हिमाच्या पाण्यावर उभी आहे. हिम वेळेआधी वितळले तर पाणी आधीच वाहून जाते आणि पुढे गरजेच्या वेळी कमी पडते.

यात एक आशेची बाजू आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतके राहतो. काजळी मात्र काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. ती कमी केली तर गुण लवकर दिसेल. शिवाय चुलीचा हा धूर हिमालयात पोहोचण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या आईच्या छातीत जातो. म्हणजे एका उपायाने दोघांचेही रक्षण होईल.

हे केवळ वाचून मान्य करू नका. गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ दोन बशांत सारखा घ्या, एकीवर चिमूटभर काजळी भुरभुरा आणि दोन्ही उन्हात ठेवा. पाणी आधी कोणत्या बशीत होते, ते स्वतः पाहा.