माळ्यावरचे रिव्हॉल्व्हर

जुन्या वाड्याच्या माळ्यावर काय निघेल याचा नेम नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या परिचयाच्या एका घरी गेल्या पावसाळ्यात गळतीमुळे माळा रिकामा केला, तेव्हा पितळी समया, मोडी कागदांचे रुमाल आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक रिव्हॉल्व्हर निघाले. घरातील आजींनी आम्हांस बोलावणे धाडले. "मास्तर, हे सत्तावन्नच्या बंडातले. आमच्या पूर्वजांनी चालवलेले. याचे वय नि मोल सांगा." नातू विटकरीची पूड घेऊन ते लखलखीत करण्याच्या तयारीत होता. त्याला आम्ही प्रथम थांबविले. कारण अशा वस्तूचे वय तिच्या अंगावरील बारीक ठशांत असते आणि घासकामात नेमके तेच पुसले जाते.

शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून दिली. जाणकाराखेरीज कोणीही हे धाडस करू नये. मग भिंग घेऊन आम्ही पाहू लागलो.

१८५७ साली प्रचारात असलेली कोल्ट किंवा अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे निराळी होती. त्यांच्या चकरीच्या घरांत पुढून दारू आणि गोळी ठासावी लागे व मागील निप्पलवर स्फोटक टोपी बसवावी लागे. हे शस्त्र मात्र बिजागरीवर मोडून उघडत होते आणि त्यात धातूची तयार काडतुसे मागून बसत. म्हणजे आजींची कथा पहिल्याच पायरीवर अडखळली. नळीवरच्या पट्टीवर 'मार्क सहा' अशी इंग्रजी अक्षरे होती आणि सांगाड्यावर वेब्ली हे नाव व १९१७ हा आकडा. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे पहिले लष्करी रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारले. सहावा नमुना १९१५ सालचा. आधीच्या नमुन्यांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली, तर याची चौकोनी. तीही खूण जुळली. सरकारी मालकीचा बाण होता. त्याच्याजवळ टोकाला टोक भिडलेले दोन बाण, म्हणजे सरकारने ते रीतसर विकून टाकल्याची निशाणी.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मास्तर, आमचे घराणे खोटे ठरले का?"

"घराणे नव्हे, आजी, कथेतला काळ तेवढा चुकला," आम्ही म्हणालो. पण शब्दांनी समाधान होईना. तेव्हा रुमाल सोडले. दोन दुपार खपल्यावर एका दप्तरात संस्थानी अमदानीतला शस्त्रपरवाना मिळाला. त्यावर आजींच्या सासऱ्यांचे नाव होते आणि लिहिलेला अनुक्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. आजींनी तो कागद कपाळास लावला.

आता मोलाविषयी. जुन्या शस्त्राची किंमत तीन गोष्टींवर ठरते: सर्व भाग मूळचे व एकाच क्रमांकाचे आहेत काय, मूळ रंग कितपत टिकला आहे, आणि ते कोणाचे होते याचा लेखी पुरावा आहे काय. परंतु विकत घेणाराही परवानाधारकच हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये विनापरवाना शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. वारशाने आले ही सबब चालत नाही. परवानाधारक वारल्यास वारसाने विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे व हवे असल्यास स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. लष्करी काडतूस चालणाऱ्या शस्त्रांचे नियम तर अधिकच कडक आहेत. वापरता येणार नाही व दुरुस्तही होणार नाही, अशा जुनाट शस्त्रास कायद्यात सवलत आहे. पण ते तसे आहे, हे घरच्या घरी ठरवून भागत नाही.

घरच्यांनी वकिलाचा सल्ला घेतला, आणि नातवाने रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणली. परवाना मात्र चौकटीत बसवून देवघराशेजारी लावला आहे. परवा आम्ही गेलो, तेव्हा आजी पणतीला सांगत होत्या, "हे तुझ्या खापरपणजोबांचे. सत्तावन्नचे नाही हं, सतराचे."

आपल्याही माळ्यावर असे काही असेल, तर वाचकहो, विटकर बाजूला ठेवा आणि आधी कागद शोधा.