आजींची पिवळी माळ
खरा अंबर घरच्या घरी कसा ओळखावा?

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमरोल हे गाव लागते. तेथील आमच्या परिचयाच्या एका मराठी घरी मागील पावसाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा सारी मंडळी खिन्न दिसली. आजींनी आपले दागिने दोघी नातींना वाटून द्यावयाचे ठरविले होते. थोरलीस सोन्याच्या बांगड्या आणि धाकटीस अंबराची पिवळी माळ. "माळ तर प्लॅस्टिकची आहे," असे कोणीसे बोलून गेले आणि खात्री करून घेण्याच्या भरात नातवाने तापलेली सुई एका मण्यात खुपसली. राळेचा सुवास दरवळला. त्याच क्षणी मणी दुभंगला. मणी खरा ठरला, पण हातचा गेला! उरलेल्या मण्यांविषयीचा संशय मात्र कायमच राहिला.

अशी एखादी माळ आमच्या वाचकांच्या पेटीतही असेल. यास्तव मण्यास इजा न करणारी परीक्षा आधी, हा क्रम आम्ही सुचवितो.

अंबर म्हणजे पुरातन वृक्षांची राळ, कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहून कठीण झालेली. देवमाशापासून मिळणारा सुगंधी अंबर तो निराळा. बाल्टिक समुद्राकाठचा अंबर जगप्रसिद्ध आहे. परंतु आपल्या शेजारच्या गुजरातेतही, सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा अंबर सापडला आहे. त्यात अडकलेल्या कीटकांचे वर्णन शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केले. ती राळ आपल्या सालवृक्षाच्या कुळातील झाडांची होती.

प्रथम मणी तळहातावर घ्यावा. काच थंड व जड लागते. अंबर हलका व उबदार वाटतो. मग तो लोकरीवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. अंबर कपटे ओढून घेतो. त्याचे 'तृणमणी' हे नाव यावरूनच पडले. परंतु प्लॅस्टिकही कपटे ओढते, आणि पावसाळी हवेत अंबराचाही हा गुण मंदावतो.

तिसरी परीक्षा मिठाच्या पाण्याची. पाव लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे व दोऱ्यातून सोडविलेला मणी त्यात टाकावा. अंबर तरंगतो, काच, बेकेलाइट आणि ॲक्रिलिक बुडतात. नंतर मणी साध्या पाण्याने धुऊन पुसावा. तथापि तरंगला म्हणून निःशंक होऊ नये. पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिकही तरंगते, आणि कोपल, म्हणजे अंबराच्या मानाने अगदी कोवळी राळ, तीही तरंगते.

म्हणून शेवटी ॲसिटोनचा एक थेंब मण्याच्या छिद्राच्या कडेस लावावा व काही क्षणांनी बोट टेकवून पाहावे. कोपल आणि पॉलिस्टायरीन चिकट होतात. अंबर सहसा होत नाही. हे करताना खिडकी उघडी व विस्तव दूर असावा. अंबराचे तुकडे दाबून केलेले मणी मात्र या साऱ्या परीक्षांतून पार पडू शकतात; माळ विकावयाची असल्यास रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचाच आधार घ्यावा. आत माशी दिसते एवढ्यावरून तर मुळीच भुलू नये. ती मुद्दाम घालता येते.

सिमरोलच्या त्या घरी आम्ही याच क्रमाने गेलो. मणी एकेक करून पाण्यात सोडले. सारे तरंगले; चार मात्र तळाशी गेले. तरंगलेल्यांपैकी दोघांवर ॲसिटोनचा थेंब लावला. ते चिकट झाले नाहीत. आजी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "माळ एकदा तुटली होती. हरवलेल्या मण्यांच्या जागी यांनीच बाजारातून चार आणून ओवले होते."

ते चार बाजूला काढावे, असे आम्ही सुचविले. धाकटी नात म्हणाली, "नको. ते आजोबांचे आहेत."

माळ पुन्हा ओवली गेली, त्या चार मण्यांसह. दुभंगलेला मणी आजींनी आपल्या डबीत ठेवला.