45 किलोबाइटांची गाठ

संपादकांनी राजूरला पाठवलं ते राजुरेश्वरावर लिहायला. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं हे स्थान, त्यात चतुर्थी. रांग काही पुढे सरकेना. म्हणून रस्त्यावरच्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात टेकलो आणि तिथेच अडकलो. टेबलावर नवा कोरा लॅपटॉप, काळ्या पडद्यावर नुसता लुकलुकणारा कर्सर. 'पोरीला घेतलाय. डॉसवाला स्वस्त पडला,' शेजारचे काका म्हणाले.

तो डॉस म्हणजे फ्रीडॉस. मायक्रोसॉफ्ट आपली जुनी संगणकप्रणाली डॉस गुंडाळणार असं दिसताच जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने 29 जून 1994 ला त्याचा फुकट पर्याय जाहीर केला. गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिला पॅट व्हिलानी यांनी. पहिली पूर्ण आवृत्ती 2006 मध्ये निघाली. इतिहास एवढा पुरे. मला भुरळ घातली ती कर्नेलच्या फाइलीने.

ही फाइल साधारण 45 किलोबाइटांची, तीही दाबून बसवलेली. आपल्याकडे जिनिंगवाले कापूस दाबून 170 किलोची गाठ बांधतात, तसं हे काम यूपीएक्स नावाचा प्रोग्राम करतो. फरक एवढाच, की ही गाठ सोडणारा गडी गाठीतच बसलेला असतो. संगणक सुरू झाला की आधी तो उठतो, मेमरीत सगळा कापूस मोकळा करतो आणि मग कर्नेलला हाक मारतो. मेमरी यात काडीची वाचत नाही. वाचते ती फ्लॉपीवरची जागा आणि फ्लॉपी खरखरत वाचण्याचा वेळ.

गोम त्या गड्यात आहे. कर्नेल 1978 च्या 8086 प्रोसेसरवरही चालेल असा बांधता येतो. पण यूपीएक्सचा नेहमीचा गडी निदान 286 प्रोसेसर तरी असेल असं धरून नव्या आज्ञा वापरतो. म्हणून गाठ बांधतानाच '8086' असा वेगळा खटका द्यावा लागतो. तो विसरला तर? नंतरचे प्रोसेसर अनोळखी आज्ञा दिसली की निदान तक्रार करतात. 8086 ला नाही म्हणताच येत नाही. सगळी रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरचे आतले कप्पे, एकदम जपून ठेवण्याची नवी आज्ञा त्याला 'अमुक झालं असेल तर उडी मार' अशी वाटते, आणि अट जुळली तर तो खुशाल उडी मारतो. कर्नेल धडधाकट, यंत्र धडधाकट. मधला गडीच परक्या बोलीत बोलला. पडद्यावर चूक सांगणारी एक ओळसुद्धा येत नाही. जुन्या यंत्राची इतकी कदर करून तो खटका जपणाऱ्यांना मी मनोमन हात जोडले. दर्शन तिथेच झालं म्हणा!

पण या लॅपटॉपवर हे चालतंय कसं? डॉसला डिस्क, कीबोर्ड, पडदा, सगळं बायोसकडे, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रामकडे, मागायची सवय. नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय आलं. जुन्यांसाठी त्यात ठेवलेला दुभाषा 2020 पर्यंत काढून टाकू, असं इंटेलने 2017 मध्येच सांगून टाकलं होतं. दुभाषा गेला, की 8086 पासून सगळ्यांना सांभाळून घेणारा कर्नेल आजच्या यंत्राच्या उंबऱ्यावरच थांबतो. काही लॅपटॉपांत तर आत लिनक्स असतं, लिनक्सच्या पोटात एक आभासी जुना संगणक आणि त्याच्यात डॉस. विकताना 'डॉसवाला' म्हणता यावं, एवढ्यासाठी. समोरच्या यंत्रात कोणता प्रकार होता, ते बघायला वाकलो, तोवर दुकानदाराने पेनड्राइव्ह खुपसून सगळं पुसायला घेतलं होतं.

'त्यात कामाचं काही नव्हतं ना?' काकांनी विचारलं.

'नाही काका, हे रिकामंच येतंय.'