टूल ऑफसेट : एका आकड्याचा खेळ

सीएनसी म्हटलं की वाटतं, प्रोग्राम टाकला, बटण दाबलं, जॉब तयार! पण व्हायव्हात “टूल सेट कसं करतात?” असं विचारलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून हा लेखप्रपंच.

व्हीएमसीचंच उदाहरण घेऊ. स्पिंडल कुठे आहे हे मशीनला नेमकं कळतं. पण त्यात बसवलेल्या टूलचं टोक कुठे आहे, हे मात्र कळत नाही. ड्रिल लांब असतं, फेस मिल आखूड. प्रत्येक टूलची लांबी आपणच मोजून ऑफसेट टेबलमध्ये भरायची. त्यासाठी प्रीसेटर असतो, नाहीतर मशीनवरच स्लिप गेज लावून लांबी काढतात. मोजण्याआधी होल्डरचा टेपर स्वच्छ पुसायचा. तिथे एखादी चिप अडकली, तर टूल वाकडं फिरतं आणि मापही चुकतं.

फॅनक कंट्रोलवर जी ४३ आणि एच नंबर आला, की मशीन टेबलमधली ती लांबी हिशेबात धरते. गोंधळ नको म्हणून टी ५ ला एच ५ असा एकच नंबर ठेवतात.

आता समजा, टी ४ ची लांबी ९० मिमी आणि टी ५ ची १२० मिमी. टूल बोलावलं टी ५, पण चुकून लिहिलं एच ४. मशीनच्या मते टूल ९० मिमीचंच! जॉबच्या ५ मिमी वर थांबायला सांगितलं, तरी टोक ३० मिमी जास्त खाली येणार, म्हणजे थेट जॉबच्या २५ मिमी आत, तेही रॅपिडमध्ये. टूल तुटतं, जॉब वाया जातो, स्पिंडलच्या बेअरिंगला मार बसतो, उडालेला तुकडा माणसालाही लागू शकतो. आणि धडकण्याआधी अलार्म येत नाही, कारण मशीनच्या हिशेबात सगळं बरोबरच असतं.

उपाय साधा आहे. जी ४३ च्या ओळीत टूल आधी झेड १०० वर आणायचं. सिंगल ब्लॉक चालू आणि रॅपिड ओव्हरराइड कमी ठेवायचं. टूल थांबलं की टोक आणि जॉब यांतलं अंतर बघायचं. वरच्या चुकीत ते १०० ऐवजी ७० मिमी दिसेल, आणि हा फरक नुसत्या डोळ्यांनाही कळतो!

शेवटचा मुद्दा वेअर ऑफसेटचा. खोली १० मिमी हवी होती आणि ९.९५ आली, तर वेअरमध्ये उणे ०.०५ भरायचं. अधिक भरलंत तर खोली ९.९० होईल. तेव्हा आकडा भरण्याआधी स्वतःला विचारा : टूल वर जायला हवं की खाली?